बंद नॅरोगेज स्थानकात गावाचं संग्रहालय: बार्शी लाइटच्या निमित्ताने

जुना_फलाट:
बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा, कुर्डुवाडी ते बार्शी, १८९७ साली सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही या हिशेबावर २ फूट ६ इंच (७६२ मिमी) रुंदीची लाइन बेतली. हलके रूळ, स्वस्त बांधकाम आणि तरीही भरपूर माल, हे त्यातलं सूत्र. गाडी १९०६ला पंढरपूरला, १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळ्या मार्गाचं ब्रॉडगेज झालं.

ते होताना काही ठिकाणी मार्गच बदलला. लातूरचं स्थानक शहरातून बाहेर गेलं, नवी लाइन उस्मानाबादवरून (आताचं धाराशिव) वळवली. त्यामुळे जुनी काही स्थानकं रुळाविना राहिली. अशा छोट्या स्थानकाची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते: तिकीटघर, त्याला लागून सामानाची खोली, पुढे पडवी किंवा उघडा प्रतीक्षाकक्ष, चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती, वर पत्रा किंवा कौलं. गावाचा इतिहास मांडायला एवढी जागा पुरते, आणि प्रत्येक घराचा या इमारतीशी काही ना काही संबंध असतोच.

अशा बंद स्थानकात गावाचं संग्रहालय करायचं, तर प्रश्न असे. परवानगी कुठून सुरू करायची? इमारतीचं आधी काय करायचं? वस्तू कोणत्या घ्यायच्या, कोणत्या घेऊ नयेत? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

सही_शिक्का:
सुरुवात जमिनीच्या कागदापासून करा. स्थानक बंद झालं तरी जमीन रेल्वेचीच असते. गावात सगळे "पडीक आहे, वापरा" म्हणतात, त्यावर एक वीटही रचू नका.

गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक काढा. दोन्हीवर रेल्वेचं नाव दिसेल, पण हद्द नेमकी कुठे ते त्यावरून कळत नाही. ती रेल्वेच्या जमीन नकाशावर असते आणि तो विभागीय कार्यालयाच्या अभियांत्रिकी शाखेत मिळतो. त्याची प्रत मागा. सोबत इमारतीचा मूळ आराखडा मिळाला तर दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडतो.

अर्ज व्यक्तीच्या नावाने करू नका. संस्था नोंदवलेली हवी: १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०खाली धर्मादाय आयुक्तांकडे. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद सहअर्जदार असेल तर अर्जाला वजन येतं. करारात चार गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत: मुदत, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, रेल्वेला जागा परत हवी झाल्यास किती दिवसांची पूर्वसूचना, आणि संग्रहातल्या वस्तूंची मालकी संस्थेकडे राहील हे कलम. हे चौथं कलम हमखास राहून जातं. मग जागा गेली की वस्तू कोणाच्या यावरून वाद होतो.

करार हातात येईपर्यंत वस्तू गोळा करू नका. कागद, छायाचित्रं यांचं स्कॅनिंग मात्र लगेच सुरू करायला हरकत नाही, त्याला इमारत लागत नाही.

चुनाघाणी:
आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया गेलेच.

पत्रा असेल तर आकड्यांच्या भोकांतून आणि दोन पत्र्यांच्या जोडातून गळती होते. जोडावर डांबर थापून ती थांबत नाही. पत्रा काढून आडवा किमान दीड नाळीचा (नाळ म्हणजे पत्र्याची एक लाट) आणि उभा १५० मिमीचा चढाव देऊन पुन्हा बसवावा. पत्रा सिमेंटचा, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर त्याला ड्रिल लावू नका, कापू नका, झाडूने घासूही नका. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. असं छप्पर ओलं करून, अखंड पत्रे उतरवणाऱ्या जाणत्या ठेकेदाराकडूनच काढून घ्या.

काही इमारतींत छत जुन्या रुळांच्या तुळयांवर विटांच्या चपट्या कमानी बांधून केलेलं असतं. तुळईच्या रेषेत खालच्या गिलाव्यावर तपकिरी डाग आणि लांब चीर दिसली तर रूळ आतून गंजून फुगला आहे असं समजा. नुसती चीर बुजवून उपयोग नाही. गिलावा काढून रूळ उघडा करा, किती झिजलाय ते मोजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आता भिंती. मूळ बांधकाम चुन्यातलं, त्यावर पुढे कधीतरी सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवलेला असतो. जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही. मग ती आणखी वर चढते आणि फुटा-दोन फुटांवर लोणा धरतो, पोपडे सुटतात. उपाय एकच, सिमेंट उतरवायचं. छिन्नीने हळू, ब्रेकर लावून नाही, नाहीतर दगडाचे कोपरे उडतात. क्षार कोरड्या ब्रशने झाडून घ्या. धुऊ नका, धुतले की ते परत आत जातात. भिंत एक उन्हाळाभर उघडी राहू द्या.

गिलाव्यासाठी कळीचा चुना हौदात विरवून, चाळून किमान महिनाभर पाण्याखाली मुरवा. प्रमाण १ चुना, १ सुरखी (भाजक्या विटेची भुकटी), २ धुतलेली वाळू. घाणीत मळून घ्या. घाणी मिळत नसेल तर मॉर्टर मिल चालते, पण काँक्रीट मिक्सरमध्ये चुना नीट मळला जात नाही. एका थराची जाडी १० ते १२ मिमी, त्याहून जास्त नको. दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर, पण पूर्ण वाळायच्या आत. मग ८ ते १० दिवस ओली पोती. लातूर-सोलापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत हे काम काढूच नका. गिलावा वरून झटकन सुकतो, आतून कच्चा राहतो आणि जाळीसारखा तडकतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शेवटी चुन्याचीच सफेदी, प्लॅस्टिक पेंट नको.

भिंतीभोवती एक मीटर रुंद शहाबादी फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा, मीटरमागे २ सेंमी पुरे. फरशीचे सांधेही चुन्यातच भरा.

सिव्हिल_सोलापूर:
चुनाघाणी यांचं तत्त्व मान्य. पण चुन्याचा जाणता गवंडी प्रत्येक तालुक्यात मिळत नाही, आणि अर्धवट येणाऱ्याच्या हातचा चुना वर्षभरात गळतो. निदान जोत्याजवळच्या दोन फुटांत सिमेंट-चुना मिश्रण (सिमेंट, चुना, वाळू १:१:६) वापरलं तर काय बिघडेल? शिंतोडे तिथेच उडतात, झाडू-पोछाही तिथेच लागतो.

चुनाघाणी:
बिघडेल ते तिथेच. ओल शिरते ती त्या दोन फुटांतूनच. तो पट्टा बंद केला की ती पट्ट्याच्या वर निघते, म्हणजे नेमकी तुमच्या चौकटींच्या मागे. शिंतोड्यांसाठी छपराला पन्हळ लावा, तो खरा इलाज. गवंडी नसेल तर जुन्या वाड्यांची, देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडून एक माणूस पंधरा दिवस आणा आणि स्थानिक दोघांना त्याच्या हाताखाली एका खोलीवर तयार करा. उरलेल्या खोल्या ते करतील.

लाईन_क्लिअर:
वस्तूंबद्दल, आधी एक कायद्याची गोष्ट. रेल्वेचा शिक्का असलेला कंदील, घंटा, टोकन, फिशप्लेट (रूळ जोडायची पट्टी), खुर्ची लोक प्रेमाने आणून देतील. रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) अधिनियम, १९६६ प्रमाणे असा माल चोरीचा असल्याचा संशय असेल तर ज्याच्या ताब्यात सापडला त्याला तो रीतसर मिळाल्याचं दाखवावं लागतं. देणाऱ्याकडे लिलावाची पावती असेल तर तिची प्रत घ्या. नसेल तर वस्तूंची यादी करून विभागीय कार्यालयाला पत्र द्या आणि प्रदर्शनासाठी लेखी संमती घ्या. भंगार बाजारातून मात्र काही विकत घेऊ नका. त्याने उरलेल्या स्थानकांतल्या चोऱ्यांना गिऱ्हाईक मिळतं.

साफसफाई. पितळी कंदिलावर बनवणाऱ्याचं नाव आणि कंपनीची अक्षरं कोरलेली असतात. पॉलिशने घासत राहिलं की ती पाच-सात वर्षांत पुसट होतात. एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबण, कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, बस. लोखंडावरचा सुटा गंज पितळी तारेच्या ब्रशने काढा, टॅनिक अ‍ॅसिडचा हात द्या, त्यावर मेण. ऑइलपेंट लावून सगळं चकचकीत काळं करण्याची आपल्याकडे खोड आहे. त्याखाली ओतीव अक्षरं बुजतात आणि वस्तूचं निम्मं मोल जातं. जुना रंग सँडपेपरने कोरडा घासू नका, त्यात शिसं असतं.

एडमंडसन तिकिटं, म्हणजे जुनी छोटी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं, साधारण ५७ × ३०.५ मिमी, गावात बरीच मिळतील. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप नको, फेविकॉल तर मुळीच नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक कप्प्यांत ठेवा. साध्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये शाई उतरून प्लॅस्टिकला चिकटते.

टोकन यंत्रं (ड्रायव्हरला पुढे जायचा परवाना म्हणून धातूचा गोळा देणारी) मिळाली तर ती एक नको, जोडी हवी. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाची संमती असल्याशिवाय गोळा सुटत नाही आणि गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही, ही गंमत दोन टोकांना दोन यंत्रं ठेवली तरच मुलांना कळते. आतले जुने सेल आधी काढा, त्यातला क्षार तांब्याच्या तारा खातो.

जुना_फलाट:
आवारात एखादं नॅरोगेज इंजिन किंवा डबा ठेवण्याची मागणी गावाकडून येतेच. त्याबद्दल?

लाईन_क्लिअर:
छप्पर देता येत नसेल तर नको. उघड्यावरचं इंजिन वरून दिसतं त्याहून आतून लवकर मरतं. धुराड्यातून पाणी धूरपेटीत जातं, तिथल्या राखेबरोबर आम्ल तयार होतं आणि पत्रा तळातून गळून पडतो. बॉयलरच्या वेष्टणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो वेगळाच त्रास. लाकडी डब्याला वाळवी. नॅरोगेजची इंजिनं बघायला नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, ते काम तिथे होतंय. तुम्ही पाच-सहा मीटर मूळ रूळ, स्लीपर आणि खडीसह फलाटालगत मांडा. शेजारी जमिनीवर १६७६ मिमीची ब्रॉडगेजची रेघ रंगवा. ७६२ म्हणजे किती अरुंद ते पायाने मोजता येतं.

सरहद्द:
वर सगळी चर्चा रेल्वेच्या वस्तूंवर चालली आहे. संग्रहालय गावाचं करायचं असेल तर या मार्गाची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी आहे. ही लाइन एकाहून जास्त राज्यांतून जायची. बार्शी ब्रिटिश मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे १९११ ते १९४८ या काळात त्या गाडीत बसलेला माणूस सरहद्द ओलांडत होता. कायदा बदलायचा, चलन बदलायचं (संस्थानचा हाली रुपया वेगळा), दप्तराची भाषा मराठी-इंग्रजीवरून उर्दूवर जायची, मालावर संस्थानची करोडगिरी म्हणजे जकात लागायची. हे एका छोट्या खोलीत फार चांगलं मांडता येतं: मधोमध जमिनीवर सरहद्दीची रेघ, एका बाजूला ब्रिटिश नाणी, पावत्या, शाळेची पुस्तकं, दुसऱ्या बाजूला हाली नाणी, उर्दू दस्त, करोडगिरीच्या पावत्या. घराघरांत हे कागद आहेत. उर्दू वाचता येत नाही म्हणून ते ट्रंकेत तळाशी पडून असतात.

त्यामुळे संदर्भ शोधतानाही दोन दिशांना जावं लागेल. मुंबईचं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि जुनी सोलापूर गॅझेटिअर्स एका बाजूला, हैदराबादचं तेलंगण राज्य अभिलेखागार दुसऱ्या बाजूला. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते. शोधताना स्थानकांची जुनी स्पेलिंगं टाकून बघा, आणि कुर्डुवाडीसाठी "बार्शी रोड" हे नावही.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा मुक्तिसंग्राम, सरहद्दीवरचे कॅम्प, इकडून तिकडे आलेली कुटुंबं, या आठवणी आता नातवंडांच्या तोंडून मिळतात. त्यात सगळ्यांची बाजू नोंदवा. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांवर काय गुदरलं तेही गावाच्या इतिहासात आलं पाहिजे. ते वगळून केलेली मांडणी अर्धी राहील.

तसंच पाण्याचं. स्थानकांवर हिंदूंचं आणि मुसलमानांचं पाणी वेगळं असायचं, दलितांना त्यातलं काय मिळत होतं, हमाल, गँगमन, सफाई कामगार कोणत्या वस्तीतले, हे विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. आणि पाण्याचाच दुसरा प्रसंग: एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. मिरज आणि लातूर ही बार्शी लाइटची दोन टोकं. तो दुष्काळ अजून ताजा आहे, टँकरचे पास, पाणीवाटपाच्या चिठ्ठ्या आत्ताच घ्या. दहा वर्षांनी त्या रद्दीत गेलेल्या असतील.

वारीचा_डबा:
सरहद्द यांच्या प्रतिसादाला दाद. पंढरपूर फाट्यावरच्या स्थानकांसाठी आषाढी-कार्तिकीचा विभाग अटळ आहे. पण तिथे टाळ, वीणा, पताका मांडून थांबू नका, त्या देवळातही दिसतात. स्थानकाशी जोडणारं शोधा: यात्रा स्पेशलची वेळापत्रकं, पटकीच्या लसीचे दाखले, दिंडी उतरायची ती धर्मशाळा, स्थानकाबाहेर खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे हिशेब.

दप्तरखाना:
पहिली वस्तू दारात येण्याआधी दाखल नोंदवही तयार हवी. बांधीव, पानांना छापील क्रमांक, पक्की शाई. संगणकावरची यादी जोडीला ठेवा, तिच्या जागी नको. क्रमांक वर्ष.गट.वस्तू असा: २०२५.१४.३ म्हणजे २०२५मधल्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. रकाने: तारीख, देणाऱ्याचं नाव, वर्णन, मापं, स्थिती, कुठे ठेवली, देणगी की उसनवार. दानपत्रावर दोन्हींच्या सह्या. उसनवार घेतलंत तर परतीची तारीख लिहा. "कायमचं उसनं" असं काही घेऊ नका, देणारा गेला की वारसांमध्ये भांडण लागतं.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा: धातू-लाकडावर पॅरालॉइड बी-७२चा (पारदर्शक, काढता येणाऱ्या लेपाचा) छोटा पट्टा, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक हात. अ‍ॅसिटोनने तो काढता येतो. कापडावर सुती फितीवर लिहून चार टाके. कागद-फोटोवर मागे मऊ पेन्सिलने, बॉलपेन कधीच नाही.

मूर्ती, ताम्रपट, शिलालेख आले तर थांबा. १९७२च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांपुढच्या वस्तू आणि ७५ वर्षांपुढची ऐतिहासिक हस्तलिखितं येतात. काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. शेतात सापडलेलं असेल तर तहसीलमार्गे पुरातत्त्व विभागाला कळवा.

घरचे फोटो मूळ मागू नका. स्कॅन करून त्याच दिवशी परत द्या, लोकांचा विश्वास तिथेच बसतो. साधा फोटो ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराचा १२००, रंगीत मोडमध्येच (काळा-पांढरा असला तरी), टिफ फाइल. पाठही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि लिहिलेली नावं तिकडेच असतात. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत गावाबाहेर.

हवा. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी. ६५च्या वर बुरशी. मराठवाड्यात खरा प्रश्न मे महिन्याचा कोरडेपणा आणि ऑगस्टमधली ओल यांच्यामधल्या उडीचा आहे. मूळ कागद इमारतीतल्या सगळ्यात आतल्या खोलीत, बंद लाकडी किंवा पावडर-कोटेड कपाटात, भिंतीपासून १० आणि जमिनीपासून १५ सेंमी सोडून ठेवा. पत्र्याखाली छत करून मधली पोकळी दोन्ही टोकांना जाळीने मोकळी ठेवली की उष्णता बरीच तुटते. स्वस्त आर्द्रतामापक खरा बोलतो का ते असं तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून ओलसर करा, मापकासह झिपच्या पिशवीत १२ तास बंद ठेवा. ७५ दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

मांडणी:
तिकीटघर जसंच्या तसं ठेवा आणि उरलेल्या खोल्या गावाला द्या. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या मंकवेअरमथ स्थानकात (बांधलं १८४८, बंद १९६७, संग्रहालय १९७३) असंच केलं होतं. लोकांना खिडकी, तिच्यातली अर्धगोल फट आणि मागचं टेबल बघायचंच असतं. तिथे फलक लावून गर्दी करू नका.

फलकावर ७०-८० शब्द, जास्त नाही. देवनागरीला वरखाली मात्रा असल्यामुळे ओळींत हवा लागते, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. चौकटीचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी. कागद, कापड, फोटोंवर प्रकाश ५० लक्सपर्यंत, खिडकीच्या काचांना अतिनील फिल्म. मूळ फोटो लावूच नका, प्रत लावा.

जोतं ६० सेंमी असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उतार म्हणजे ७.२ मीटर लांब रॅम्प. एवढी जागा समोर नसते, फलाटाच्या टोकाचा जुना उतार वापरा. शेजारून चालू लाइन जात असेल तर कुंपण आधी. वस्तू काचेच्या फळीवर नुसत्या ठेवू नका, कंपनाने महिन्याभरात कडेला येतात.

वायरिंग पूर्ण नवं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच). आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पावडरचा वापरलात तर ती पावडर कागदांतून निघत नाही.

जुना_फलाट:
सगळ्यांचे आभार, आराखडा आता डोळ्यांपुढे आला. एक शेवटचा प्रश्न दप्तरखाना यांना. आडतीच्या जुन्या वह्या बऱ्याच ठिकाणी मिळतील, पण त्यांत कसर असते. डांबरगोळ्या घालून ठेवाव्यात का?

दप्तरखाना:
डांबरगोळ्या नकोत, अंडी त्यांनी मरत नाहीत आणि वास खोलीत बसणाऱ्याच्या डोक्यात जातो. आलेली वही आधी वेगळ्या खोलीत ठेवा, थेट कपाटात नाही. पांढऱ्या कागदावर दोन आठवडे ठेवल्यावर खाली भुगा पडला तर कीड जिवंत आहे. मग वही जाड पॉलिथिनमध्ये, हवा काढून, टेपने पूर्ण बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही, आइस्क्रीमच्या दुकानातली पेटी चालते, पण आधी थर्मामीटर ठेवून खात्री करा. कातडी बांधणी किंवा चामड्याचा पुठ्ठा असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय गोठवू नका. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून २४ तास खोलीत राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि बोरूची शाई फुटते.